आयर्न बोलचे चार दिवस

गुरुवार, २३ नोव्हेंबर २०२३ : अटलांटा ते बर्मिंगहॅम

आयर्न बोल, म्हणजे ऑबर्न आणि अलाबामा या दोन विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा दरवर्षीचा सामना. अलाबामातला हा सामना बघायचा तर विमानाने उतरायचं शेजारच्या जॉर्जियात, अटलांटाला. तिथून आय-२० महामार्गाने पश्चिमेला बर्मिंगहॅम सुमारे १५० मैल. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे दुपारी दोनला निघालेला माणूस कागदोपत्री साडेतीनच्या आत पोचतो. हा फुकटचा तास रविवारी परत द्यावा लागतो. तो हिशेब परतीच्या विमानाचं तिकीट काढतानाच करून ठेवावा.

थँक्सगिव्हिंगचा दिवस म्हणजे आपल्याकडच्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळसारखा. दुकानं बंद, वॉलमार्टसुद्धा बंद, रस्ते मोकळे. बाहेर जेवायचं तर वॉफल हाउस हा भरवशाचा पर्याय. ते वर्षाचे ३६५ दिवस चोवीस तास उघडं असतं. शाकाहारी माणसाने वॉफल, अंडी चालत असतील तर अंडी, आणि किसलेल्या बटाट्याचे हॅशब्राउन मागवावेत. पुढचे तीन दिवस मात्र भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी आहे असं समजू नये. इथल्या पालेभाजीत, कॉलर्ड ग्रीन्समध्ये, डुकराच्या मांसाचा तुकडा बहुतेक वेळा घातलेलाच असतो. घेवड्याचीही तीच गत.

बॅग भरतानाच रंग ठरवायचे. ऑबर्न विद्यापीठाचा रंग गडद निळा आणि केशरी, टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठाचा किरमिजी लाल आणि पांढरा. आपला भगवा टी-शर्ट तिथे ऑबर्नचा ठरतो, मरून जॅकेट अलाबामाचं. कुणाचीच बाजू घ्यायची नसेल तर राखाडी किंवा काळा घालावा. त्याने काही वाद टळत नाही, फक्त ‘तुम्ही कुणाचे?’ हा प्रश्न जरा उशिरा येतो. या राज्यात अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही, त्यामुळे सगळी निष्ठा या दोन कॉलेजांत वाटली गेली आहे. कॉलेजचं तोंडही न पाहिलेले लोक तितक्याच हिरिरीने बाजू घेतात. अलाबामावाला भेटला की ‘रोल टाइड’ म्हणतो आणि त्याला उत्तरही ‘रोल टाइड’ असंच द्यायचं असतं. ऑबर्नवाल्याचा रामराम म्हणजे ‘वॉर ईगल’. एकाला दुसऱ्याचं उत्तर दिलं तर मारामारी होत नाही, पण पुढची दहा मिनिटं १९७२ सालाबद्दल ऐकून घ्यावी लागतात.

त्या सालाचं थोडक्यात सांगायला हवं. ऑबर्न १६-० असं मागे होतं, आणि शेवटच्या टप्प्यात अलाबामाचे दोन पंट, म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्याचे दोन फटके, बिल न्यूटनने अडवले. दोन्ही वेळा डेव्हिड लँगनरने चेंडू उचलून मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेला, म्हणजे टचडाउन केला. निकाल १७-१६. अर्धं शतक उलटलं तरी तो सामना इथे कालचाच आहे.

बर्मिंगहॅममध्ये गुरुवारी संग्रहालयं बंद, म्हणून जे बाहेरून दिसतं तेवढंच. गावाच्या दक्षिणेकडच्या रेड माउंटनवर व्हल्कनचा ५६ फुटी बिडाचा पुतळा उभा आहे. १९०४च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी जुझेप्पे मोरेत्तीने तो केला. लोहाराचा देव तिथे का, ते डोंगराच्या लाल मातीवरूनच कळतं. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही जिन्नस काही मैलांच्या आत सापडतात, आणि त्यावरच हे गाव वसलं. १८८२ ते १९७१ चाललेली स्लॉस भट्टी खाली शहरात अजून उभी आहे. सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात ते या लोखंडामुळे, कारण तो कित्येक दशकं याच गावात व्हायचा.

व्हायचा तो लीजन फील्डवर. आज त्याच्याभोवती चक्कर मारायला पंधरा मिनिटं पुरतात, पण चाहत्यांचं वागणं समजून घ्यायला ही जागा टाळता येत नाही. इथे तिकिटं निम्मी-निम्मी वाटली जायची. अर्धं मैदान लाल, अर्धं केशरी. प्रत्येक खेळीनंतर अर्धे लोक उभे आणि अर्धे बसलेले. १९८९मध्ये ऑबर्नने आपला यजमानपदाचा सामना स्वतःच्या गावी नेला, २००० साली अलाबामाही आपला सामना टस्कलूसाला घेऊन गेली, आणि ती निम्मी वाटणी कायमची संपली. आता पाहुण्यांच्या वाट्याला स्टेडियमचा एखादा कोपरा येतो. विषम वर्षी सामना ऑबर्नला, सम वर्षी टस्कलूसाला, एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या प्रवासाचं नियोजन होतं.

संध्याकाळी लिन पार्क. पहिला सामना याच शहरात २२ फेब्रुवारी १८९३ रोजी झाला आणि ऑबर्नने तो ३२-२२ असा जिंकला. १९०७च्या बरोबरीनंतर खेळाडूंचा भत्ता किती, माणसं किती आणायची, पंच कुठला, यावर भांडण झालं आणि दोन्ही संघ ४१ वर्षं एकमेकांविरुद्ध खेळलेच नाहीत. १९४८मध्ये पुन्हा सुरुवात झाली. वैर मिटवण्याला इंग्रजीत कुऱ्हाड पुरणं म्हणतात. सामन्याच्या दिवशी सकाळी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थी-अध्यक्षांनी या बागेत खरोखरची कुऱ्हाड पुरली. दुपारी अलाबामाने ५५-० असं धुतलं. कुऱ्हाड पुरून फार फरक पडला नाही, हे इथला कुणीही सांगेल.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर : टस्कलूसा, मग ऑबर्न

सकाळी लवकर आय-२०/५९ने टस्कलूसा, ५८ मैल. सामना यंदा इथे नाही, म्हणून गाव रिकामं असतं आणि गाडी स्टेडियमच्या दारापर्यंत जाते. ब्रायंट-डेनी स्टेडियम एक लाखावर माणसं बसण्याचं. बाहेर राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या पाच प्रशिक्षकांचे पुतळे ओळीने आहेत : वॉलेस वेड, फ्रँक थॉमस, पॉल ‘बेअर’ ब्रायंट, जीन स्टॉलिंग्ज आणि निक सेबन. शेवटचा माणूस त्या शनिवारी अजून पदावर होता आणि हा त्याचा शेवटचा आयर्न बोल ठरेल हे कुणाला माहीत नव्हतं. १० जानेवारी २०२४ रोजी तो निवृत्त झाला. जवळच डेनी चाइम्स हा ११५ फुटी घंटामनोरा आहे. त्याच्या पायथ्याशी संघाच्या कर्णधारांच्या हातापायांचे ठसे सिमेंटमध्ये उमटवले आहेत. लोक त्या ठशांत आपला हात ठेवून बघतात.

टस्कलूसा ते ऑबर्न १६० मैल, पावणेतीन तास धरावे. मध्ये पेट्रोल पंपावर ‘बॉइल्ड पीनट्स’ची पाटी दिसली की थांबावं. या चक्क आपल्या मिठात उकडलेल्या ओल्या शेंगा. ‘केजन’ लिहिलेलं असेल तर तिखट, साध्या हव्या असतील तर ‘रेग्युलर’ मागायच्या. डुकराचं मांस घालून उकडल्यात का, हे मात्र एकदा विचारून घ्यावं.

मुक्कामाचं गणित आधी नीट करावं लागतं. ऑबर्नची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ७६ हजार, आणि जॉर्डन-हेअर स्टेडियमची क्षमता ८८ हजार. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावापेक्षा मैदान मोठं. हॉटेलं दोन किंवा तीन रात्रींचं एकत्र बुकिंग मागतात. शेजारच्या ओपलाइकात नाही मिळालं तर पश्चिमेला माँटगोमेरी ५५ मैल, पूर्वेला जॉर्जियातलं कोलंबस ४० मैलांच्या आत. कोलंबस स्वस्त पडतं, पण तिथे घड्याळ एक तास पुढे असतं. अडीचचा सामना म्हणजे तुमच्या हॉटेलच्या भिंतीवर साडेतीन. उलट्या दिशेने चुकलेला माणूस दोन तास आधीच येऊन बसतो. त्यातही गंमत अशी की हद्दीलगतची लॅनेट आणि व्हॅली ही गावं अलाबामात असूनही व्यवहारात जॉर्जियाचीच वेळ पाळतात. अशा पट्ट्यात फोनचं घड्याळ टॉवरप्रमाणे उड्या मारतं. मनगटावर साधं घड्याळ असलेलं बरं.

दुपारनंतर कॅम्पसवर तंबू लागायला सुरुवात होते. मोठ्या मोटरहोमवाले तर बुधवारपासूनच आलेले असतात. याला टेलगेटिंग म्हणतात : गाडीची मागची बाजू उघडायची, समोर चूल, खुर्च्या, टीव्ही, आणि दिवसभर खाणं. चूल म्हणजे धुराची भट्टी, आणि तिच्यावर डुकराच्या खांद्याचा आठ पौंडांचा तुकडा. तो २२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १०७ सेल्सिअसला, पौंडाला दीड तास या हिशेबाने १२ तास भाजतात. शनिवारी सकाळी अकराला वाढायचा तर शुक्रवारी रात्री दहालाच चढवायला हवा. नवखा फसतो तो पहाटे. मांसाचं आतलं तापमान १६०च्या आसपास पोचलं की तासन् तास हलतच नाही, कारण वरून सुटणारी वाफ उष्णता खेचून घेते. घाबरून आच वाढवली की बाहेरून करपतं आणि आत चामडं. जाणता माणूस तुकडा फॉइलमध्ये गुंडाळतो आणि २००च्या घरात जाईपर्यंत हात लावत नाही. शेजारच्या तंबूत लाल झेंडा असला तरी ताट पुढे येतंच. कित्येक गाड्यांवर अर्धा लाल अर्धा केशरी झेंडा दिसतो, त्याचा अर्थ नवरा एकीकडचा आणि बायको दुसरीकडची. या दोन चाहत्यांमधलं वैर दोन गावांतलं नाही, एका जेवणाच्या टेबलावरचं आहे. आदल्याच दिवशी टर्की कापताना ते एकत्र बसलेले असतात, आणि म्हणूनच ते इतकं बारीक टोचतं.

अंधार पडायच्या आत टूमर्स कॉर्नरला जावं. कॉलेज स्ट्रीट आणि मॅग्नोलिया अव्हेन्यूच्या चौकात टूमर्सचं औषधांचं जुनं दुकान आहे. औषधांपेक्षा त्याचं लिंबू सरबत प्रसिद्ध. समोर कॅम्पसच्या तोंडाशी दोन ओक. ऑबर्न जिंकलं की हजारो लोक इथे येऊन त्या झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात. सांगितलं जातं ते असं की बाहेरगावच्या सामन्याचा निकाल तारेने या दुकानात यायचा, आणि विजयाची बातमी आली की तारयंत्राची कागदी पट्टी तारांवर टाकली जायची. आपल्याकडे गुलाल, इथे कागद.

फेकण्याचीही पद्धत आहे. एकपदरी स्वस्त रोल घ्यायचा, जाड दोनपदरी नको, तो उलगडण्याऐवजी दगडासारखा पडतो. आधी हातभर टोक मोकळं सोडायचं, ते डाव्या हातात सैल धरायचं आणि रोल खालून वर असा फेकायचा की तो फांदीवरून पलीकडे जाताना सुटत जाईल. टोक घट्ट धरलं तर कागद फाटतो आणि रोल सरळ समोरच्याच्या डोक्यावर येतो. गर्दीत उभं राहणाऱ्याने टोपी घालावी ती याचसाठी.

आजचे ओक तरुण आहेत, आणि त्यामागे अलाबामाच्या एका चाहत्याचं कृत्य आहे. २०१०चा सामना टस्कलूसाला झाला. ऑबर्न ०-२४ असं मागे पडून, कॅम न्यूटनच्या जोरावर २८-२७ असं जिंकलं. त्यानंतर या माणसाने १३० वर्षांच्या जुन्या ओकांच्या मुळाशी ‘स्पाइक ८०डीएफ’ हे तणनाशक ओतलं आणि जानेवारी २०११मध्ये रेडिओवरच्या पॉल फाइनबॉमच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच ते सांगितलं. त्यातलं टेब्युथियुरॉन मुळांतून पानात चढतं आणि प्रकाशसंश्लेषण थांबवतं. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून माती उपसूनही उपयोग झाला नाही. एप्रिल २०१३मध्ये झाडं काढावी लागली. त्या माणसाला तुरुंगवास झाला. त्याच वेळी अलाबामाच्या चाहत्यांनी ‘टाइड फॉर टूमर्स’ नावाने सुमारे ५० हजार डॉलर जमवून दिले, हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं. ऑबर्नवाले पहिला भाग सांगतात, अलाबामावाले दुसरा.

शनिवार, २५ नोव्हेंबर : जॉर्डन-हेअर

सामना दुपारी अडीचला. तिकीट फक्त फोनवर, आणि ते स्टेडियमपासून दूर असतानाच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवायचं, कारण ८८ हजार लोक एका जागी आले की नेटवर्क बसतं. स्क्रीनशॉट दाखवून आत सोडत नाहीत. पिशवी पारदर्शक हवी, १२ बाय १२ बाय ६ इंचांपर्यंतची. साधी पर्स तळहाताएवढीच चालते. छत्री नेऊ नये. आणि जॅकेट घ्यावंच. ऑबर्न आपल्या कालविभागाच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे नोव्हेंबरअखेर सूर्य पाच वाजायच्या आधीच मावळतो. पूर्वार्ध उन्हात घाम काढतो, उत्तरार्धात ॲल्युमिनियमचं बाकडं बर्फ होतं.

साडेबाराला टायगर वॉक. सामन्याच्या दोन तास आधी ऑबर्नचा संघ डोनाह्यू ड्राइव्हवरून चालत स्टेडियमला येतो आणि दोन्ही बाजूंना चाहते एवढे दाटतात की खेळाडूंना जेमतेम एका माणसाची वाट उरते. १९८९ला, ऑबर्नमधल्या पहिल्या आयर्न बोलच्या दिवशी, तिथे २० हजार लोक होते असं म्हणतात. बघायचं तर तासभर आधी उतारावर जागा धरावी. वळणावर उभं राहिलं तर फक्त पाठी दिसतात.

मग आत, निदान अर्धा तास आधी, कारण गरुडाचं उड्डाण चुकवायचं नसतं. संघाचं नाव टायगर्स आणि घोषणा गरुडाची, या विसंगतीचं स्पष्टीकरण विचारू नये, चार वेगवेगळी मिळतात. स्टेडियमच्या वरच्या कठड्यावरून गरुड सोडतात. तो घिरट्या घालत असतो तोवर सगळं स्टेडियम ‘वॉऽऽऽर’ असा सूर धरून राहतं, आणि तो मैदानाच्या मध्यावर उतरला की ‘ईगल, हे!’ होतं. गरुड कधी कधी दोन घिरट्या जास्त घेतो, तेव्हा लोकांचा दम संपतो. पाहुणा कोपरा या वेळी मुद्दाम आपसात गप्पा मारत बसतो.

खेळ माहीत नसेल तर एवढं पुरेल. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर नवे चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू समोरच्याकडे. टचडाउनचे सहा गुण, त्यानंतरच्या लाथेचा एक, फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारल्याचे, तीन. आणि चाहत्यांचा नियम : चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना ओरडायचं, आपल्याकडे असताना गप्प बसायचं, कारण क्वार्टरबॅकला, म्हणजे खेळी चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूला, आपल्या साथीदारांना खूण ओरडून सांगायची असते. नवखा नेमका उलट वागतो आणि पुढच्या ओळीतली आजी मागे वळून बघते.

ऑबर्न त्या दिवशी जिंकेल असं कुणी म्हणत नव्हतं. आठवड्यापूर्वी घरच्या मैदानावर न्यू मेक्सिको स्टेटकडून ३१-१० असा मार खाल्लेला, सहा विजय, पाच पराभव. अलाबामा दहा विजय आणि एक पराभव. तरी चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरात ऑबर्न २४-२०ने पुढे होतं. पळून चेंडू नेण्याचा त्यांचा खेळ दिवसभर चालला, २४४ यार्ड निघाले. पावणेपाच मिनिटं उरलेली असताना अलाबामाने पंट केला, म्हणजे हात टेकल्यासारखंच. पण ऑबर्नच्या झेलणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला आणि अलाबामाने तो ऑबर्नच्या ३० यार्डांच्या आसपास मिळवला. झेलणाऱ्याने चेंडूला हात लावलाच नसता तर तो ऑबर्नचाच राहिला असता. हात लागून सुटला की लाथ मारणाऱ्या संघालाही तो मिळवता येतो. अशा वेळी शंका असली तर बाजूला व्हायचं, हे शाळेत शिकवतात. ८८ हजारांच्या आवाजात ते आठवत नाही.

पुढे अलाबामा गोलपासून सात-आठ यार्डांवर पोचलं. तिथून सगळं उलटं फिरलं. स्नॅप, म्हणजे खेळी सुरू करताना क्वार्टरबॅककडे मागे दिलेला चेंडू, चुकला आणि १८ यार्ड मागे गेला. मग क्वार्टरबॅक जेलन मिलरोने खेळी जिथून सुरू होते ती रेषा ओलांडून पास फेकला म्हणून पाच यार्डांचा दंड. चौथा डाउन, गोल ३१ यार्ड दूर, ४३ सेकंद शिल्लक. चार गुणांची पिछाडी असल्याने फील्ड गोलचा उपयोग नाही. आवाज असा की शेजाऱ्याच्या कानात ओरडलेलंही पोचू नये. केशरी लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले होते, काही जिने उतरून टूमर्स कॉर्नरकडे जागा धरायला निघाले होते.

ऑबर्नने मिलरोवर फक्त दोन जण धाडले आणि बाकीचे मागे ठेवले. कागदावर हे बरोबर वाटतं : मागे गर्दी केली की झेल अवघड. पण दोघांना अडवायला पाच होते, मिलरोला हवा तेवढा वेळ मिळाला, आणि इतक्या वेळात कुठलाही बचाव कुठेतरी फाटतोच. आयझेया बाँडने एंड झोनच्या डाव्या कोपऱ्यात डीजे जेम्सच्या डोक्यावरून झेल घेतला. कॉलेजच्या नियमाप्रमाणे एक पाय आत टेकला की पुरतो, व्यावसायिक लीगमध्ये दोन लागतात. त्या कोपऱ्यात ते अंतर मोजूनमापून होतं. ३२ सेकंद उरले होते.

त्यानंतरचा क्षण बघायला यावं. आवाज उतरत नाही, तुटतो. एवढ्या लोकांचं एकदम गप्प होणं कानाला दाबासारखं जाणवतं. मग, जणू लांबून, एका कोपऱ्यातला ओरडा पोचतो. तो आधीपासून चाललेला असतो, फक्त ऐकू आत्ता येतो. लाल लोक खाली वाकून एकमेकांच्या खांद्यावर पडतात. त्यांनाही विश्वास बसलेला नसतो, आणि पहिली काही सेकंदं त्यांची नजर पंचाकडे असते, नियमभंगाचा झेंडा पडला का बघायला. ऑबर्नवाल्यांची एक ठरलेली मुद्रा आहे : दोन्ही हात डोक्यावर, कोपर बाहेर, तोंड उघडं. ओळीच्या ओळी तशा. कुणी शिव्या देत नाही, त्या पार्किंगमध्ये येतात. ज्यांनी रोल आणलेले असतात ते त्यांच्याकडे अशा नजरेने बघतात की जणू ते दुसऱ्याच कुणी हातात दिलेत.

त्यांना आणखी एक गोष्ट टोचते. ३० नोव्हेंबर २०१३ला, याच मैदानावर, ३२ सेकंद उरलेले असतानाच ऑबर्नने २८-२८ बरोबरी केली होती. मग घड्याळ शून्यावर गेलं. सेबनने आग्रह धरला आणि पंचांनी एक सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात अलाबामाने ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारला. तो तोकडा पडला. तोकडी लाथ हा जिवंत चेंडू असतो, तो झेलून पळता येतं. ख्रिस डेव्हिस एंड झोनच्या अगदी मागे उभा होता. फील्ड गोलसाठी अलाबामाने उभे केलेले बहुतेक जण अंगाने आडवे, अडवायला ठेवलेले. पळणाऱ्याला गाठणं त्यांचं कामच नव्हतं. १०९ यार्ड, टचडाउन, ३४-२८. त्या रात्री गर्दी मैदानात उतरली होती. सेबनने मागून घेतलेला तो एक सेकंद ऑबर्नवाले दहा वर्षं तोंडावर फेकत आले. आता अलाबामावाल्यांकडेही फेकायला ‘फोर्थ अँड थर्टी-वन’ आहे.

उरलेल्या ३२ सेकंदांत ऑबर्नचा पास टेरियन आर्नल्डने मधेच झेलला. २७-२४. अलाबामाच्या बँडने ‘रॅमर जॅमर’ सुरू केलं. ही त्यांची जिंकल्यावरची आरोळी, हरलेल्याचं नाव घेऊन त्याला हिणवणारी. ऑबर्नवाले ती पूर्ण होईपर्यंत थांबत नाहीत. पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसलेल्याने मात्र थांबावं. ते गाऊन घेतात, मग पोलिस जिने मोकळे करतात, आणि तोवर बाहेरचा पहिला राग ओसरलेला असतो. जिंकणाऱ्याने बाहेर पडताना झेंडा गुंडाळून घ्यावा. हा शिष्टाचार लिहिलेला नाही, पण दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे.

गाडी लगेच काढू नये. बर्मिंगहॅमकडे जाणारा यूएस-२८० दीड-दोन तास सरकत नाही. भट्टीवर उरलेलं मांस असतं, टीव्हीवर दुसरा सामना असतो. तंबूत एक लाल टोपीवाला जावई आणि सहा केशरी माणसं, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि सासू त्याच्या ताटात मुद्दाम करपलेला तुकडा वाढते.

रविवार, २६ नोव्हेंबर : ऑबर्न ते अटलांटा

सकाळी टूमर्स कॉर्नरला एकही कागद नव्हता. विजयानंतरच्या रविवारी इथे पांढऱ्या झिरमिळ्यांखाली लहान मुलं फोटो काढून घेतात. पराभवानंतर फुटपाथ रोजच्यापेक्षाही स्वच्छ वाटतो. लिंबू सरबताला रांग नसते, म्हणून ते प्यायची हीच वेळ. स्टेडियमबाहेर पॅट सलिव्हन, बो जॅक्सन आणि कॅम न्यूटन या हाइसमन, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा करंडक, जिंकलेल्या तिघांचे पुतळे आहेत. ते आरामात बघता येतात.

या निकालाने अलाबामाचा मोसम वाचला. २ डिसेंबरला त्यांनी जॉर्जियाला हरवलं, पुन्हा २७-२४ने, आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या चौघांत जागा मिळवली. १ जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, मिशिगनने त्यांना जादा वेळेत बाहेर काढलं. २०२३च्या सामन्यानंतर एकूण हिशेब झाला अलाबामा ५०, ऑबर्न ३७, एक बरोबरी. हरलेल्यांचं एक देणं मात्र बाकी असतं. फुटबॉलचा फॉय करंडक हिवाळ्यात, दोन्ही कॉलेजांच्या बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, जिंकलेल्याच्या कोर्टवर दिला जातो. तो हरलेल्या बाजूच्या विद्यार्थी-अध्यक्षाने आपल्या हाताने द्यायचा, आणि प्रतिस्पर्ध्याचं गाणं गायचं. समोर सगळे लाल. शब्द पाठ आहेत का, हे बघायला लोक फोन वर धरून उभे असतात.

ऑबर्नहून आय-८५ची एक्झिट ५१, तिथून अटलांटाचा विमानतळ १०० मैलांच्या आसपास. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार हा अमेरिकेतल्या सर्वांत गर्दीच्या प्रवासदिवसांपैकी एक, आणि गुरुवारी मिळालेला तास हद्दीवर परत जातो. संध्याकाळी सहाचं विमान असेल तर ऑबर्नच्या घड्याळाने सकाळी साडेअकराला निघावं. दुपारी एकपर्यंत रेंगाळलेले लोक गाडी परत करण्याच्या रांगेत भेटतात, निम्मे लाल, निम्मे केशरी, आणि सगळे सारखेच वैतागलेले.